वॉन्गबाईंचं अळणी

अमेरिकेला जाऊन आले म्हटलं की आमच्या कोल्हापुरात पहिला प्रश्न येतो, "नायगारा बघितला का?" नाही बघितला. हातात मशाल घेतलेला तो पुतळाही नाही बघितला. मी बावीस दिवस अमेरिकेत होते आणि त्यातले निम्मे दिवस एका चिनी बाईच्या ओट्यापाशी उभी होते. हे सांगितलं की बायका एकमेकींकडं बघतात. म्हणून एकदाचं लिहूनच काढते, म्हणजे गल्लीत प्रत्येकीला नव्यानं सांगत बसायला नको.

मी मंगल, वय वर्षं बावन्न. घरी कांदा-लसूण मसाला करून विकते. माझ्या मसाल्याबद्दल मी स्वतः काही बोलत नाही, लोकच बोलतात. माझी धाकटी बहीण स्वाती अठ्ठेचाळीस वर्षांची. ती डेट्रॉइटला लागून असलेल्या ट्रॉय नावाच्या गावात राहते आणि मोटारींच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिते. सोळा वर्षं तेच काम. हाताखाली नऊ माणसं आहेत. लहानपणी माझी सायकल उलटी करून चाक फिरवत बसायची आणि मी शाळेला उशिरा पोचायचे, तेव्हाच खरं तर ओळखायला हवं होतं.

ऑक्टोबरात तिच्या नवऱ्याचा, मिलिंदचा फोन आला. मिलिंद मूळचा नागपूरचा, मोठ्या मेहुणीलाही यार म्हणतो.

"ताई, तुम्ही येऊन जा ना यार. स्वाती जॉब सोडतेय. राजीनाम्याचं लेटर लिहून ठेवलंय तिनं. झोपत नाही, जेवत नाही, माझ्यावर ओरडते, ईरावर ओरडते, मग रडते. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, रिपोर्ट सगळे नॉर्मल. पण ताई, ते काम गेलं तर ही बाई दिवसभर करेल काय? मला भीती वाटते हो."

व्हिसा होताच, दोन वर्षांपूर्वी जायचं म्हणून काढलेला. मी तिकीट काढलं आणि डिंक तळायला घेतला.

डेट्रॉइट विमानतळ

माझ्या बॅगेत मसाल्याची तीन पाकिटं, शतावरी, गुलकंद, सब्जा, हळीव आणि साठ डिंकाचे लाडू. कस्टमच्या उंचापुऱ्या साहेबानं डबा उघडायला लावला. लाडवाकडं बोट दाखवून हे काय म्हणाला. आता डिंकाचा लाडू इंग्रजीत कसा समजावायचा? मी म्हटलं, "फॉर लेडीज. आफ्टर बेबी. व्हेरी स्ट्राँग."

त्यानं माझ्याकडं वरून खालपर्यंत पाहिलं. पांढरे केस, सुजलेले पाय, गुडघ्याला पट्टा. मग अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "कॉन्ग्रॅच्युलेशन्स, मॅडम."

बाहेर आल्यावर मी हे मिलिंदला सांगितलं तर तो गाडीपर्यंत हसत होता. स्वाती मात्र हसली नाही. खिडकीची काच पूर्ण खाली करून, वाऱ्यात तोंड धरून बसली होती. बाहेर सहा डिग्री होतं.

ट्रॉय

घर मोठं, सुरेख, आणि आत हिमालय. सगळ्या खिडक्या उघड्या. मिलिंद घरात कानटोपी घालून जेवत होता. सोळा वर्षांची ईरा सोफ्यावर दोन पांघरुणं घेऊन, फक्त नाक बाहेर ठेवून अभ्यास करत होती. आणि स्वाती बिनबाह्यांच्या गाऊनमध्ये, हातात बर्फानं गच्च भरलेला ग्लास.

"हाय मावशी," ईरा पांघरुणातून म्हणाली. "वेलकम टू द फ्रिज."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरता चिरता स्वातीनं सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, सुरी आपटत आपटत बोलली.

"मीटिंग होती ताई. बारा लोक. मी बोलतेय, बोलतेय आणि एकदम शब्दच गेला. कुठला शब्द माहितेय? ब्रेक! सोळा वर्षं ब्रेकवर काम करणाऱ्या बाईला ब्रेक हा शब्द आठवेना. त्या थांबवायच्या वस्तूला काय म्हणतात, असं म्हणाले मी. परवा लागलेल्या एका पोरानं सांगितलं मला. सगळे हसले. लिंडा हसली नाही, ती नुसती बघत राहिली. ते जास्त वाईट होतं."

लिंडा म्हणजे तिची बॉस. साठीची, कडक, मोजकं बोलणारी. स्वाती तिला गेली अकरा वर्षं घाबरत होती.

"आता अजून एक मोठी मीटिंग आहे, मी प्रेझेंट करायचंय. तू जायच्या आदल्या शुक्रवारी. तेवढी करणार आणि त्याच दुपारी लेटर पाठवणार. मिलिंदनं तुला मला समजवायला बोलावलंय ना? समजवू नकोस."

मी कशाला समजावते? मी खाऊ घालायला आले होते. उष्णता वाढलीय एवढं तर आंधळ्यालाही दिसलं असतं. मी सब्जा भिजवला, धन्या-जिऱ्याचं पाणी केलं, गुलकंद दिला, वर ताकदीसाठी सकाळी एक लाडू. ती "नंतर खाते" म्हणायची. नंतर मिलिंद खायचा. चार दिवसांत त्याच्या गालावर तेज आलं, हिचा चेहरा आणखी उतरला.

शेजारचं दार

पाचव्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात माझ्या खांद्याला लागेल एवढी एक म्हातारी, हातात टॉवेलात गुंडाळलेलं भांडं. या वॉन्गबाई, शेजारच्या घरातल्या. मूळच्या चीनच्या दक्षिणेकडच्या, चाळीस वर्षं इथं, आता सत्तरीच्या आसपास.

त्या आत आल्या, स्वातीच्या हातातला बर्फाचा ग्लास काढून घेतला आणि सरळ बेसिनमध्ये ओतला. दुसऱ्याच्या घरात! मला ही बाई ताबडतोब आवडली.

मग त्यांनी स्वतःच केटल लावली आणि नुसतं गरम पाणी पेल्यात घालून तिच्या हातात दिलं. त्यांचं इंग्रजी तोडकं, माझंही तोडकं, त्यामुळं आमचं दोघींचं उत्तम जमलं. ईराच्या मते आम्ही दोघी मिळून एक पूर्ण वाक्य बोलायचो. इथं त्यांचं बोलणं मी मराठीतच सांगते.

"सहा महिने उघड्या खिडकीतून ऐकतेय," त्या म्हणाल्या. "दार आपटतं. बाई ओरडते. मी थांबले, म्हटलं हिच्या घरचं कुणी येईल. आता बहीण आली. बहीण आली, तर मी पण आले."

भांड्यात गोडसर, चिकट, पातळ खिरीसारखं काहीतरी होतं. त्यात पांढऱ्या जाळीचे तुकडे तरंगत होते. काय विचारलं तर ती बुरशी निघाली. झाडावर उगवणारी, वाळवून ठेवतात. आम्ही लोणच्यावर बुरशी दिसली तर बरणी फेकतो आणि ही बाई खीर करून आणते! पण त्यात बोटाएवढं एक लाल फळ लागलं, ते चावलं आणि मी ओरडलेच, "अगं, हे तर बोर! वाळवलेलं बोर!" वॉन्गबाईंना वाटलं घशात अडकलं, त्यांनी पाठीत गुद्दा घातला.

मग त्यांनी ईराच्या वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहिले. सात, चौदा, एकवीस, असं करत एकोणपन्नास. त्यांच्याकडं बाईचं आयुष्य साताच्या पाढ्यानं मोजतात म्हणे. सातव्या वर्षी दुधाचे दात पडतात, चौदाला पाळी, आणि एकोणपन्नासला अंगातलं पाणी आटतं, म्हणजे पाळी जाते.

"सात सत्ते एकोणपन्नास," मी म्हटलं.

"पण पाणी आटायच्या आधी भरायचं," वॉन्गबाई म्हणाल्या. "चाळिशीपासून भरायचं. माझी आई माझ्यासाठी करायची. मी माझ्या मुलींसाठी करते, एक बोस्टनला आहे, तिला फोनवर सांगते. तुमच्या आईनं तुम्हाला काय करून घातलं?"

मी आठवून पाहिलं. बाळंतपणात घातलं की! डिंक, हळीव, खारीक, बदामाचा शिरा. चाळीस दिवस नुसतं तूप. पण ते बाळाला दूध यावं म्हणून. बाळ ज्या दिवशी वरणभात खायला लागलं त्या दिवशी लाडवाचा डबा घासून माळ्यावर गेला. त्यानंतर बाईसाठी म्हणून कुणी काही केलं असं मला एकही घर आठवेना. आमची आई या वयात दिवसातून दहादा तोंड धुवायची, मधेच परसात जाऊन उभी राहायची. आम्ही पोरं म्हणायचो, आईचं डोकं फिरलंय. तिला कुणी एक वाटी खीर दिली नाही. आम्हीही नाही. मला त्या क्षणी फार लाज वाटली.

"नाही घातलं," मी सांगितलं.

वॉन्गबाईंनी जीभ टाळ्याला लावून च्च केलं आणि उद्या येते म्हणाल्या.

उष्ण आणि थंड

पुढचे तीन दिवस आमची जुंपली. त्यांच्याकडंही पदार्थ उष्ण आणि थंड असतात, हे कळल्यावर मला आधी गळ्यात पडावंसं वाटलं. आलं उष्ण, त्या हो म्हणाल्या. कलिंगड थंड, हो. मग काळे तीळ आले आणि बिनसलं. त्यांनी तिळाची काळीभोर लापशी आणली, केसांना चांगली म्हणून. मी म्हटलं, "तीळ उष्ण! आम्ही संक्रांतीच्या थंडीत खातो!" त्या म्हणाल्या, अजिबात नाही. त्यानंतर त्यांनी त्या बुरशीत पपई घातली.

"पपई!" मी ओट्याला धरून उभी राहिले. "अहो, आधीच हिची भट्टी पेटलीय!"

"पपई थंडाव्याची."

"पपई उष्ण! आमच्याकडं पोटुशीला हातही लावू देत नाहीत!"

ईरानं फोनवर बघितलं आणि जाहीर केलं, "गाइज, इट सेज इट्स अ फ्रूट."

या सगळ्यात स्वाती आम्हा दोघींच्या मधे वाटी धरून बसलेली असायची. कुणाचं खावं, हे ती विचारत नव्हती आणि आम्हीही तिला काही विचारत नव्हतो. हे तेव्हा ध्यानात आलं नाही, आता लिहिताना येतंय.

काळी कोंबडी

शनिवारी आम्ही मॅडिसन हाइट्सच्या चिनी दुकानात गेलो. स्वाती गाडी चालवत होती, मी शेजारी, मागं वॉन्गबाई आणि ईरा. रस्त्यावर मेपलच्या लाल पानांचा ओला चिखल. वळणावर गाडी जराशी सरकली, खालून गरगर आवाज आला आणि गाडी अशी सावरली की जणू कुणी दंडाला धरून उभं केलं.

"हे माझं आहे," स्वाती म्हणाली. "हा जो आवाज आला ना, चाक घसरतंय हे कळून एका सेकंदात कितीतरी वेळा दाबतं आणि सोडतं. त्यातला ओल्या पानांचा भाग मी लिहिलाय. दोन हिवाळे लागले." बोलताना तिचा चेहरा मी आल्यापासून पहिल्यांदा उजळला होता. मिलिंदला कशाची भीती वाटते ते मला तिथं कळलं.

दुकानात सगळी औषधाची कपाटं आणि भाजी एकाच छपराखाली. कमळाच्या बिया, लालचुटुक मनुकांसारखी फळं, वाळवलेल्या मुळ्या. एका मुळीला ओव्यासारखा वास आला. ती घेऊ का विचारलं तर वॉन्गबाई म्हणाल्या, "ती नाही. ही डॉक्टरच्या गोळ्या घेते, आधी डॉक्टरला विचारायचं." मग त्यांनी फ्रीजमधून एक पाकीट काढलं. आत कोंबडी, डोक्यापासून नखांपर्यंत काळीकुट्ट. ईरा किंचाळून तीन पावलं मागं गेली.

मला मात्र माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. "अहो, हा तर आपला कडकनाथ!" दुकानात सगळे वळून बघायला लागले. स्वातीच्या ओठावर जरा हसू आलं, तेवढं मी बघून घेतलं.

रविवारी सकाळी वॉन्गबाईंनी आपल्या घरी ती कोंबडी मातीच्या भांड्यात घातली, आलं, बोरं, लाल मनुका, कमळाच्या बिया, वर पाणी. मंद आच, तीन तास. त्यांना मधे टेबल टेनिस खेळायला जायचं होतं. होय, सत्तरीत. जाताना मला स्टुलावर बसवलं आणि बोट नाचवून म्हणाल्या, "फक्त बघायचं. हात लावायचा नाही."

मी दीड तास बघितलं. खरंच बघितलं. मग चमच्याच्या टोकानं जरा चाखलं. अहो, अळणी! आमच्याकडंही मटणाचं अळणी, म्हणजे बिनतिखटाचं पाणी, असतं, आजाऱ्याला, लहान पोराला वाटीभर देतात, मला काय माहीत नाही का? पण त्यात मीठ तरी असतं. हे तर नुसतं गरम पाणी, वर कोंबडीचा पाय. एवढी महागाची कोंबडी, एवढा दोघींचा वेळ, आणि चव शून्य? मला राहवेना. मसाल्याचं एक पाकीट पिशवीत होतंच. ते तिथं कसं आलं विचारू नका. लहान कढईत तेल तापवलं, लसूण ठेचून टाकला, दोन मोठे चमचे मसाला घातला आणि चर्र करून भांड्यात ओतलं. लाल तवंग असा सुरेख आला की डोळ्यांत पाणी आलं. थोडं ठसक्यामुळंही असेल.

वॉन्गबाई परत आल्या, झाकण काढलं आणि नुसत्या उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "टेस्टी." त्यांनी चमचाभर घेतलं आणि पाच मिनिटं खोकत होत्या. मग पाणी पिऊन एवढंच म्हणाल्या, "हे रागाचं सूप आहे."

फेकून कसं द्यायचं? घरी नेलं. मिलिंद आणि ईरानं भुरके मारत दोन-दोन वाट्या प्यायल्या, मिलिंदनं तर कानटोपी काढली. स्वातीनं माझं मन मोडू नये म्हणून अर्धी वाटी प्यायली. दोन मिनिटांत तिचा गळा, कान, कपाळ लालभडक झालं, कपाळावरून घामाच्या धारा. ती अनवाणी धावत मागच्या अंगणात गेली आणि थंडगार गवतात उभी राहिली. मी टॉवेल घेऊन मागं गेले.

"जवळ येऊ नकोस!" ती ओरडली. "तू, मिलिंद, ती शेजारीण, डॉक्टर! सगळ्यांना कळतं माझं काय करायचं! सब्जा प्या, पपई खा, योगा कर, गोळी घे, सुट्टी घे! मला एकानं तरी विचारलंय का ताई, की तुला काय होतंय?"

मी टॉवेल घेऊन उभी. खरंच विचारलं नव्हतं. बोलायला गेले तर तोंडातून निघालं ते "पायात चप्पल घाल". कुंपणापलीकडून वॉन्गबाई सगळं बघत होत्या.

चार प्रश्न

सोमवारी संध्याकाळी वॉन्गबाईंनी आम्हाला आपल्याकडं बोलावलं. सूप पुन्हा केलं होतं, साधं. मला त्यांनी ओट्यापासून लांबच्या खुर्चीत बसवलं, समोर भिजवलेल्या कमळाच्या बियांची परात ठेवली. प्रत्येक बी फोडून आतला हिरवा कोंब काढायचा, तो कडू असतो. हे काम मला का दिलं ते लगेच कळलं. हात आणि डोळे गुंतले की माणसाचं तोंड बंद राहतं.

मग त्या स्वातीसमोर बसल्या आणि विचारलं, "झोप?"

"तीन तास," स्वाती म्हणाली.

"घाम?"

"चारदा उठले."

"राग?"

"ईरावर. चमच्यावरून."

"डोकं?"

"आज ओव्हनचं नाव विसरले."

वॉन्गबाईंनी मान डोलावली. औषध नाही सांगितलं, उपदेश नाही केला. अरे बापरे, असं होय, असंसुद्धा म्हणाल्या नाहीत. वाटी भरली आणि तिच्यासमोर ठेवली. मी आपली सवयीनं बाकीच्या वाट्या भरायला उठले, तर मला हातानं खाली बसवलं. ज्या बाईसाठी सूप केलंय ती आधी पिते, बाकीचे थांबतात, असा त्यांच्या घरचा नियम. ती वाढायला उठत नाही आणि भांडीही घासत नाही. आम्ही सगळे गप्प बसून तिचं पिणं बघत होतो. स्वाती एवढी अवघडली की पहिली वाटी तिनं माफी मागितल्यासारखी संपवली.

रोज हेच सुरू झालं. झोप, घाम, राग, डोकं. मिलिंदलाही यायला लावलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "अगं, मग तू ना असं कर," आणि वॉन्गबाईंनी त्याच्यापुढंही एक परात सरकवली. त्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून एवढ्या बिया सोलल्या की एखाद्या लग्नाची खीर झाली असती.

स्वाती बरी झाली का? नाही हो. चार प्रश्नांना उत्तरं तीच होती, कधी तीन तास, कधी साडेचार. सूप म्हणजे जादू नव्हे, वॉन्गबाईसुद्धा तसं म्हणत नव्हत्या. पण उत्तरं द्यायची पद्धत बदलत गेली. आधी ती खाली बघून पुटपुटायची. मग भाजीचा भाव सांगावा तसं सांगायला लागली. एकदा तर "राग?" म्हटल्यावर बोटानं मिलिंदकडं दाखवलं आणि स्वतःच हसली. ईरा बरोबर असली की ती आईचं ऐकता ऐकता हळूच तिच्या खांद्याला टेकायची. "मॉम, आय डिडन्ट नो," एवढंच एकदा म्हणाली.

पाचव्या दिवशी स्वातीचं झालं आणि वॉन्गबाई माझ्याकडं वळल्या. "झोप?"

"आय ॲम फाइन," मी म्हटलं. मला काय धाड भरलीय?

"फाइन नाही विचारलं. झोप विचारली."

आता काय सांगू? चार वर्षं झाली, मी पहाटे उठून मसाला कुटते. लोकांना वाटतं काय कष्टाळू बाई. झोप येत नाही म्हणून कुटते. हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलेलं नाही. त्या परातीसमोर बसून मी सांगितलं, आणि सांगता सांगता रडायलाच आलं, बावन्नाव्या वर्षी, चिनी बाईच्या घरात, हातात कमळाचं बी घेऊन. स्वाती उठून आली. "ताई, तू कधी बोलली नाहीस."

"तू तरी कुठं बोललीस?"

त्या दिवशी वॉन्गबाईंनी दोन वाट्या आधी भरल्या.

शुक्रवार

राजीनाम्याबद्दल मात्र स्वाती काही बोलली नव्हती. पत्र लॅपटॉपमध्ये तयार आहे, हे मिलिंद रोज मला डोळ्यांनी सांगायचा. वॉन्गबाईंनी तर नोकरीबद्दल एकदाही विचारलं नाही.

शुक्रवारी तिचं काम घरूनच असतं. नऊला मीटिंग. सकाळी तिनं इस्त्रीचा शर्ट घातला, खाली घरातली पायजमा पँट, आणि खोलीत जाऊन बसली. उकडतं म्हणून दार अर्धवट उघडं ठेवलं. मी पॅसेजमधला आरसा पुसायला घेतला. मिलिंद गाडीची किल्ली शोधत होता. किल्ली त्याच्या हातातच होती.

ती छान बोलत होती. मला अर्धं कळत नव्हतं, पण आवाज ठाम होता. वीसेक मिनिटं झाली. आणि एका वाक्याच्या मधोमध ती थांबली.

मला ते थांबणं ओळखू आलं. मिलिंदलाही आलं, तो जागच्या जागी गोठला. मी फडका छातीशी धरला. आतून काहीच आवाज येईना. आता तो पोरगा बोलणार, आता हसणार सगळे, आणि दुपारी पत्र जाणार.

मग स्वातीचा आवाज आला. संध्याकाळी वॉन्गबाईंसमोर बोलायची तस्सा, सरळ. इंग्रजीत म्हणाली, "शब्द गेला. माझं हल्ली असं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, रात्री तीन-चार तास झोपते. एक मिनिट द्या, येईल तो."

कुणी हसलं नाही. कुणी शब्द पुरवलाही नाही. मग लॅपटॉपमधून एक जाड, कोरडा आवाज आला, तो लिंडाचा.

"घे वेळ. मी दोन वर्षं शब्दांची यादी टेबलाच्या खणात चिकटवून काढली. माझ्या मुलाचं नावही होतं त्यात."

एक बाई मोठ्यानं हसली आणि "फक्त दोन वर्षं?" म्हणाली. मग आणखी कुणीतरी हसलं, पण ते हसणं निराळं होतं.

"कॅलिपर!" स्वाती ओरडली. ब्रेकचाच एक भाग असतो म्हणे तो. आणि जिथं वाक्य सोडलं होतं तिथूनच पुढं बोलायला लागली.

साडेदहाला ती बाहेर आली. शर्ट पाठीला चिकटलेला, केस कपाळावर ओले. आम्ही दोघं भिंतीला टेकून जमिनीवर बसलो होतो.

"लेटर?" मिलिंदनं विचारलं. त्याचा आवाज चिरका निघाला.

"डिलीट केलं," ती म्हणाली. "सोमवारी लिंडाला भेटणार आहे. सकाळच्या मीटिंग उशिरा लावायला सांगणार. नाही म्हणाली तर बघू."

मिलिंद तिथंच तोंड झाकून बसून राहिला. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. भात झाला होता, आमटी गरम होती. ताटं मांडली आणि हात आपोआप पहिल्यांदा मिलिंदच्या ताटाकडं गेला. तिच्या मागोमाग तोही आत येऊन बसला होता. मी भाताची पहिली मूद त्याच्या ताटात वाढली.

स्वातीनं खुर्ची ओढली, टेबलावर दोन्ही कोपरं टेकवली आणि म्हणाली, "ताई, आधी मला वाढ. भूक लागलीय."

अठ्ठेचाळीस वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. माझ्याही तोंडून कुणी ऐकलेलं नाही. मी मिलिंदच्या ताटातला भात उचलला आणि तिच्या ताटात घातला.